शिक्क्याचा काटा : मोबाइल अ‍ॅपची रचना आणि पारख
(एपीएमसी मार्केट, नवी मुंबई येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलण्याविषयी सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम मोठ्या संकोचात पडलो. या व्यासपीठावरून विद्वानांनी व समाजसेवकांनी आपणांस मार्गदर्शन केलेले आहे. आमचा व्यवसाय मोबाइलवर चालणारी अ‍ॅप तयार करण्याचा, म्हणजे एक प्रकारच्या कारागिराचा. परंतु चिटणीसांचे म्हणणे असे पडले की, आपल्या घरांतील निम्मी मुले आज हाच व्यवसाय शिकत आहेत, तेव्हा तो चांगला कसा करावा हे कोणीतरी सांगितले पाहिजे. त्यांची आज्ञा प्रमाण मानून आम्ही उभे आहोत. विषय रुक्ष आहे, तो शक्य तितका सोपा करून मांडण्याचा प्रयत्न करू.

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या बाजाराच्या आवारात चालतो. कोणाचा गाळा आहे, कोणी मेहताजी आहे, कोणी तोलणार आहे, तर कोणाच्या गाड्या आहेत. त्याच घरांतील मुले-मुली आज महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये, ऐरोली-घणसोलीच्या कचेऱ्यांत संगणकासमोर बसून काम करतात. वडिलांस वाटते की, पोराचे काम आपल्याला समजण्यासारखे नाही, आणि पोरास वाटते की, वडिलांच्या धंद्यातून आपल्याला शिकण्यासारखे काही नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, हेच आजच्या भाषणात आम्हांस सांगावयाचे आहे. चांगल्या अ‍ॅपची रचना कशी असावी आणि त्याची पारख कशी करावी, याचे पहिले धडे आम्हांस कोणत्याही ग्रंथात मिळाले नाहीत. ते कांदा-बटाटा बाजारातील एका गाळ्यावर, आमच्या काकांच्या तोंडून मिळाले, आणि तेही आमची मान खाली गेल्यानंतर.

तो प्रसंग प्रथम सांगतो. २०१५ साली आम्ही व आमचे एक चुलत बंधू यांनी काकांच्या गाळ्यासाठी एक लहानसे अ‍ॅप तयार केले. शेतकऱ्याचा माल आला की गोण्या, वजन व भाव त्यात भरावयाचे, आणि अ‍ॅपने हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे व अडत वजा करून त्याची पट्टी तयार करावयाची. शिवाय पट्टीचा आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशाने जावयाचा, व महिनाअखेरीस खतावणी निघावयाची. मेहताजींचे तासन्‌तासांचे काम मिनिटांवर आले. काकांनी चार लोकांत आमचे कौतुक केले, आणि आम्हांसही आपण मोठे शहाणे झालो असे वाटू लागले.

पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला यांच्या व्यापारातील नियम बदलले. अडत यापुढे शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावयाची, असे ठरले. व्यापाऱ्यांनी काही दिवस बाजार बंद ठेवले, वादविवाद झाले, आणि अखेर नवा नियम सुरू झाला, हे आपणां सर्वांस स्मरत असेल. आम्ही अ‍ॅपमध्ये बदल केला. पट्टीच्या पडद्यावरून अडतीची वजावट काढली, छापील पट्टीवरूनही काढली, आणि काम झाले असे समजून स्वस्थ बसलो. परंतु संदेश पाठविणारा भाग आपला हिशेब स्वतंत्रपणे करीत होता, आणि खतावणीचा भाग तिसरीकडे स्वतंत्रपणे करीत होता. एकच नियम आम्ही तीन ठिकाणी लिहिला होता. त्यांपैकी एका ठिकाणी तो बदलला आणि दोन ठिकाणी जुनाच राहिला.

आठवड्याभरात जुन्नरकडील एक वयस्क शेतकरी गाळ्यावर आले. त्यांनी एका हाताने छापील पट्टी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काकांपुढे ठेवला, आणि शांतपणे विचारले, ‘‘शेठ, यातला खरा आकडा कोणता?’’ त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न जिव्हारी लागला. ज्या गाळ्यावर तीन पिढ्या माल आणून टाकला, त्या गाळ्याच्या शब्दाविषयी त्या गृहस्थांच्या मनात त्या क्षणी शंका उभी राहिली होती. काकांनी पट्टीचा आकडा खरा असल्याचे सांगितले, पैसे रोख मोजून दिले, आणि चहा पाजून त्यांस रवाना केले.

मग ते आमच्याकडे वळले. त्यांनी रागावून बोलावे, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी केवळ कोपऱ्यातील काट्याकडे बोट दाखविले आणि म्हटले, ‘‘अरे पोरांनो, हा काटा मी विकत घेतला तेव्हाही चांगलाच होता. तरी दरवर्षी वैधमापनवाले येतात, आपली वजने त्यावर ठेवून पाहतात आणि शिक्का मारून जातात. तुमच्या काट्यावर शिक्का कोणाचा?’’

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यात आमची पुढली काही वर्षे गेली. जे सापडले ते दोन भागांत सांगतो. पहिला भाग रचनेचा, दुसरा पारखीचा.

रचना म्हणजे काय? कोड म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञांचा लेख. हा लेख एकाच लांबलचक कागदावर सलग लिहिला तरी यंत्र तो वाचते. यंत्राला रचनेची गरज नाही. ती गरज माणसाला आहे, कारण उद्या त्यात बदल माणसाला करावयाचा आहे. कोणती गोष्ट कोठे लिहावी, कोणी कोणास काय विचारावे, आणि कोणास काय ठाऊक असू नये, याचा निर्णय म्हणजे रचना.

आपल्या गाळ्यावरील व्यवस्था पाहा. तोलणारा वजन सांगतो. भावाशी त्याचा संबंध नसतो. अडत्या भाव ठरवतो. तो गोण्या उचलीत नाही. मेहताजी पट्टी लिहितात. त्या पट्टीवरचा माल कोणत्या गाडीतून आला हे त्यांस ठाऊक नसले तरी हिशेब अडत नाही. उद्या तोलणारा बदलला तर मेहताजींस नवे शिक्षण द्यावे लागत नाही. प्रत्येकाचे काम वेगळे, आणि एकाने दुसऱ्यास सांगावयाच्या गोष्टी ठरलेल्या, म्हणूनच पहाटेच्या त्या कोलाहलात व्यवहार सुरळीत पार पडतो.

या बाजाराच्या स्थलांतराची हकिकतही हेच सांगते. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागांतील अरुंद गल्ल्यांत गाड्या, हातगाड्या, माणसे आणि माल यांची जी दाटी होत असे, ती वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिलेली आहे. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार येथे आला, पुढे मसाला व धान्य आले, आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला आले. आज पाचही बाजारांची आवारे स्वतंत्र आहेत. आंब्याच्या हंगामात फळबाजारात पाय ठेवावयास जागा नसली, तरी धान्यबाजारातील तोल थांबत नाही. चांगल्या कोडमध्येही असेच व्हावयास हवे. एका भागातील गर्दी किंवा बिघाड दुसऱ्या भागाच्या दारापाशी थांबला पाहिजे.

अ‍ॅपचे असे तीन भाग पाडण्याची पद्धत आज सामान्यतः रूढ आहे. पहिला भाग पडद्याचा, म्हणजे माणसास दाखविण्याचा व त्याच्याकडून माहिती घेण्याचा. दुसरा भाग नियमांचा, म्हणजे पट्टी कशी करावी हे जाणणारा. तिसरा भाग साठवणीचा, म्हणजे माहिती मोबाइलमध्ये किंवा दूरच्या संगणकावर ठेवण्याचा व तेथून आणण्याचा. यांतील मर्म असे की, नियमांच्या भागास पडद्याची किंवा साठवणीची काहीही माहिती असता कामा नये. त्यास वजन, भाव व खर्च द्यावे आणि त्याने पट्टी द्यावी. ती कागदावर छापली जाणार की संदेशाने जाणार, याची उठाठेव त्याने करू नये. आम्ही २०१६ साली एवढे केले असते, तर अडतीचा नियम एकाच ठिकाणी राहिला असता, आणि सरकारने तो बदलताच आम्हांसही एकच ओळ बदलावी लागली असती.

हा विचार आमचा नव्हे, आणि नवाही नव्हे. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी असे प्रतिपादन केले की, आज्ञावलीचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, त्यांतील प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवावा. १९७९ साली ट्रिग्व्हे रीन्स्काउग या नॉर्वेजियन गृहस्थांनी पडदा व त्यामागील विचार यांची फारकत करणारी पद्धत मांडली, आणि तिची अनेक रूपांतरे आजही चालू आहेत. अँड्रॉइडच्या चालकांनीही २०१७ पासून रचनेविषयी आपले मार्गदर्शन व साधने प्रसिद्ध केली आहेत. नावे निरनिराळी आहेत, परंतु तत्त्व एकच आहे. जे बदलणार ते एका जागी ठेवा.

आणि बदल तर होणारच. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशेब्याण्णव पैंचा रुपया एकाएकी शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ मण व शेर जाऊन क्विंटल व किलो आले. आमच्या आजोबांच्या पिढीने तो बदल वहीत व डोक्यात पचविला. त्यांस तो करता आला, कारण हिशेबाची रीत मेहताजींच्या एका डोक्यात होती. आमच्या अ‍ॅपप्रमाणे ती तीन डोक्यांत असती, तर त्या वर्षीच्या वह्या कधी जुळल्या नसत्या.

मोबाइलच्या काही अडचणी तर अगदी खास आहेत, आणि कचेरीत बसून काम करणाऱ्या तरुणास त्या सहसा दिसत नाहीत. त्यांतील चार सांगतो.

पहिली अडचण संपर्काची. गाळ्याच्या आतल्या बाजूस, गोण्यांच्या थप्पीमागे, मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. मेहताजींनी बटन दाबले, चक्र फिरत राहिले, म्हणून त्यांनी पुन्हा दाबले. पहिली पट्टीही पोचली होती आणि दुसरीही पोचली. एका मालाच्या दोन पट्ट्या झाल्या. यावर उपाय असा की, पट्टी प्रथम मोबाइलमध्येच साठवावी, तिला जन्मतःच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर दूरच्या संगणकाने ती नवी पट्टी समजू नये.

दुसरी अडचण वेळेची. भाजीपाल्याचा व्यवहार रात्री व पहाटे चालतो. दूरचे संगणक पुष्कळदा ग्रीनिचची वेळ पाळतात, आणि ती आपल्या वेळेहून साडेपाच तास मागे असते. पहाटे ४ वाजता केलेली पट्टी तेथे आदल्या दिवशीच्या रात्री १०॥ वाजताची ठरते, आणि दिवसाचा हिशेब चुकतो. दिवसा कचेरीत बसून तपासणाऱ्यास ही चूक कधीच दिसत नाही.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती तर आपलीच. मेहताजींनी मोबाइलची भाषा मराठी केली की पुष्कळ ठिकाणी अंक देवनागरीत उमटतात. पडद्यावर ते शोभतात. परंतु निष्काळजीपणे लिहिलेला कोड तेच देवनागरी अंक दूरच्या संगणकाकडे पाठवितो, आणि त्यास इंग्रजी अंकांचीच अपेक्षा असल्यामुळे तो ते नाकारतो. इंग्रजी भाषेवर ठेवलेल्या मोबाइलवर सर्व काही उत्तम चालते. म्हणून दाखवावयाचा आकडा व साठवावयाचा आकडा यांची गल्लत होऊ देऊ नये.

चौथी अडचण अशी की, सुटलेले अ‍ॅप परत बोलाविता येत नाही. दुरुस्त आवृत्ती दुकानात ठेवली तरी ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याच दिवशी जाईल असा भरवसा नसतो. कित्येकांकडे महिनोन्‌महिने जुनीच चालू राहते. गाडी आवाराच्या फाटकाबाहेर पडल्यावर माल तपासून उपयोग काय? तो फाटकाच्या आतच तपासावयास हवा. येथून आम्ही दुसऱ्या भागाकडे, म्हणजे पारखीकडे वळतो.

पारख किंवा चाचणी म्हणजे अ‍ॅप उघडून चार बटने दाबून पाहणे नव्हे. तसेही करावेच, परंतु ते म्हणजे काट्यावर स्वतः उभे राहून ‘साधारण बरोबर दिसते’ असे म्हणण्यासारखे आहे. वैधमापनाचा निरीक्षक येतो तेव्हा ज्याचे वजन आधीपासून निश्चित ठाऊक आहे असे माप घेऊन येतो, आणि काट्याने तोच आकडा दाखविला पाहिजे असा आग्रह धरतो. चाचणीही तशीच असते. उत्तर आधी ठरवावयाचे, मग कोडला प्रश्न घालावयाचा, आणि दोहोंत अंतर पडले तर यंत्राने आपण होऊन ओरडावयाचे.

उदाहरण घ्या. समजा, वजन १,२१६ किलो ५०० ग्रॅम आणि भाव दहा किलोंस १८३ रुपये. कागदावर हिशेब केला तर मालाची किंमत २२,२६१ रुपये ९५ पैसे येते. आता कोडनेही हेच उत्तर दिले पाहिजे. ही झाली एक चाचणी. नव्या नियमाप्रमाणे शेतकऱ्याच्या पट्टीवर अडत शून्य असली पाहिजे, ही दुसरी. गोण्या शून्य असतील तर पट्टी होता कामा नये, ही तिसरी. खर्च मालाच्या किमतीहून अधिक झाला तर काय करावे, ही चौथी. आणि भाव कोसळलेल्या हंगामात हा प्रसंग केवळ कल्पनेतला नसतो. अशा शेकडो लहान चाचण्या संगणक काही सेकंदांत पुऱ्या करतो. १९९७ साली केंट बेक व एरिक गामा या दोघांनी एका विमानप्रवासात या कामासाठी जावा भाषेत एक साधन लिहिले. त्याचे नाव जेयुनिट. अँड्रॉइडच्या कामात ते आजही वापरले जाते, आणि ते विनामूल्य आहे.

पैशाच्या हिशेबात एक सापळा आहे, त्याविषयी तरुणांस मुद्दाम सावध करतो. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने ठेवतो. जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत कधी संपत नाही, तसा एक दशांश त्याच्या पद्धतीत कधी संपत नाही. म्हणून दहा पैसे आणि वीस पैसे यांची बेरीज तो तीस पैशांहून किंचित वेगळी करतो. एका पट्टीत हा फरक दिसत नाही. वर्षाच्या खतावणीत मात्र जमा-खर्च जुळत नाही. यास्तव रक्कम नेहमी पूर्ण पैशांत व वजन पूर्ण ग्रॅममध्ये ठेवावे. त्यातही खाते पुरेसे मोठे घ्यावे. बत्तीस अंशांच्या खात्यात २ कोटी १४ लाख रुपयांच्या थोडे पुढे गेले की पैशांत मांडलेला आकडा मावत नाही, आणि चांगल्या गाळ्याची वर्षाची उलाढाल त्यापलीकडे सहज जाऊ शकते.

आकडा न मावण्याचे परिणाम किती भयंकर होतात, याचा दाखला जगाने पाहिला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यातील कोडचा एक भाग एरियान-४ या जुन्या अग्निबाणावर वर्षानुवर्षे बिनचूक चालला होता. नव्या बाणाचा वेग अधिक होता, आणि तो आकडा ठेवलेल्या जागेत मावला नाही. नव्या मार्गाचे आकडे घालून तो भाग जमिनीवर तपासला गेला नव्हता. जुन्या गाळ्यावर खरा ठरलेला काटा नव्या गाळ्यावर मांडताना पुन्हा तोलून पाहावा लागतो, हा त्यातील बोध.

आता रचना आणि पारख यांचे नाते पाहा. आमच्या पहिल्या अ‍ॅपमध्ये पट्टीचा नियम पडद्याच्या बटनातच गुंतलेला होता. तो तपासावयाचा तर मोबाइल हवा, संपर्क हवा, दूरचा संगणक चालू हवा. म्हणून तो कधी तपासलाच गेला नाही. नियमांचा भाग वेगळा काढल्यावर तो एकटा तपासता येऊ लागला. साठवणीच्या जागी तेवढ्यापुरती एक लुटुपुटीची साठवण उभी करता येते, घड्याळाच्या जागी आपण सांगू ती वेळ दाखविणारे घड्याळ ठेवता येते. नाटकाच्या तालमीत राजाचे काम करणारा आला नाही, तर कोणीही त्याच्या जागी उभा राहून वाक्ये म्हणतो आणि बाकीच्यांची तालीम पार पडते, तसेच हे. पहाटे चारची पट्टी तपासण्यासाठी मग पहाटे चारला उठावे लागत नाही. जो कोड तपासणे कठीण, त्याची रचना बहुधा चुकलेली असते. ही खूण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

चाचण्यांचे प्रमाणही ठरलेले असावे. नियमांच्या लहान चाचण्या पुष्कळ. दोन भागांचा सांधा पाहणाऱ्या त्याहून कमी. आणि खऱ्या मोबाइलवर आरंभापासून अखेरपर्यंत पट्टी करून पाहणाऱ्या थोड्या, कारण त्यांस वेळ फार लागतो. मात्र त्या थोड्या चाचण्या स्वस्त मोबाइलवर, मराठी भाषा ठेवून आणि संपर्क तोडून केल्या पाहिजेत. आपल्या मेहताजींच्या हाती तोच मोबाइल असतो.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच दाखवून दिले की, चाचणीने दोष आहे हे सिद्ध होते. दोष मुळीच नाही हे सिद्ध होत नाही. काट्यावर शिक्का असला तरी मधल्या काळात तो बिघडू शकतो. म्हणून एखादी चूक उघडकीस आली की आम्ही एक नेम पाळतो. प्रथम ती चूक पकडणारी चाचणी लिहावयाची, ती चाचणी ओरडते हे डोळ्यांनी पाहावयाचे, आणि मगच कोड दुरुस्त करावयाचा. तीच चूक पुन्हा आली तर चाचणी तिला दारातच अडविते.

ही विद्या कशी शिकावी? आमचा अनुभव असा की, मोठमोठी नावे पाठ करून ती येत नाही. कित्येक तरुण रचनेचे ग्रंथ वाचतात आणि चार पडद्यांच्या अ‍ॅपला चाळीस थर देतात. एका गाळ्यासाठी पाच बाजारांची आवारे बांधण्याचे कारण नाही. कामाला पुरेल एवढीच रचना असावी. विद्यार्थ्याने एक लहान व खरी गोष्ट घ्यावी. घरच्या धंद्याची पट्टी घ्यावी. प्रथम पडद्याशिवाय, केवळ नियम लिहावेत आणि त्यांच्या चाचण्या लिहाव्यात. मग साठवण जोडावी आणि पडदा सर्वांत शेवटी. कोटलिन, स्विफ्ट किंवा डार्ट यांपैकी कोणतीही भाषा चालेल. त्यानंतर घरातील कोणासही एखादा नियम बदलावयास सांगावे, आणि तो बदल किती ठिकाणी करावा लागला हे मोजावे. एका ठिकाणी भागला तर रचना साधली. पाच ठिकाणी करावा लागला तर पुन्हा आरंभ करावा, त्यात लाज नाही.

हल्ली कृत्रिम बुद्धीची साधने कोड लिहून देतात, मग हे कष्ट कशास, असे मुले विचारतात. आमचे उत्तर असे की, माल कोणी आणला याने तोल बदलत नाही. कोड आपण लिहिलेला असो की यंत्राने, शेतकऱ्यापुढे पट्टी ठेवताना नाव आपल्या गाळ्याचे असते. किंबहुना माल जितका भराभर येऊ लागतो, तितकी काट्याची गरज वाढते.

वडीलधाऱ्या मंडळींसही एक विनंती आहे. आपल्या कपाटांतील जुन्या वह्या मुलांपासून दूर ठेवू नका. त्या दिवसानंतर काकांनी आम्हांस जुन्या वीस पट्ट्या काढून दिल्या. कुजक्या गोण्यांची घट असलेली एक, एकाच गाडीत दोन भावांचा माल असलेली एक, भाडे किमतीहून अधिक झालेली एक, अशा वेचून दिल्या. आम्ही त्या वीसही पट्ट्यांच्या चाचण्या केल्या. पहिल्याच फेरीत आमच्या अ‍ॅपमधील आणखी दोन चुका बाहेर पडल्या, आणि त्या आम्हांस स्वप्नातही सुचल्या नसत्या. नियम मुलांस ग्रंथांत सापडतील, परंतु अपवाद आपल्या वह्यांत आहेत. मंडळाने रविवारी एक तास मुला-मुलींस एकत्र बसवावे, जुन्या पट्ट्या पुढे ठेवाव्यात, आणि एकाचा कोड दुसऱ्याने वाचावा. यास खर्च नाही, आणि विद्यार्थी-गौरवाइतकेच ते मोलाचे कार्य होईल.

माथाडी कामगारांच्या मजुरीचे दर करारानुसार वेळोवेळी बदलतात. मागे एकदा असा बदल झाला, तेव्हा आम्ही एका ठिकाणी एक आकडा बदलला, चाचण्या चालविल्या, आणि पहिल्या गाड्या फाटकात येण्यापूर्वी नवी आवृत्ती मेहताजींच्या हाती होती. त्या दिवशी पट्टी, संदेश व खतावणी यांत एकच आकडा होता. जुन्नरचे ते गृहस्थ अजूनही माल घेऊन येतात. ते पट्टीही पाहतात आणि मोबाइलही पाहतात. त्यांनी पाहावेच, अशी आमची इच्छा आहे. काका मात्र अद्याप आम्हांस शाबासकी देत नाहीत. ते एवढेच विचारतात, ‘‘पोरांनो, यंदाचा शिक्का मारला का?’’ आणि आता आम्ही होय म्हणू शकतो.